पाणक्या

बुधवारी रात्रीच उरकायला हवं होतं,
गुरुवारी आमच्याकडे वीज नसते.
जिन्याखाली, जुन्या चपलांच्या फडताळात
धिंडल्यांच्या नातवाने टाकून दिलेला संगणक,
ओल लागू नये म्हणून दोन विटांवर.
त्याचं नाव मी करवंद ठेवलं.
टेकडीवर झाडांना पाणी घालणारी आम्ही तेवीस माणसं,
आमची पत्रं आता इथे उतरणार होती.

फुकट होतं तोवर कुणी विचारलं नाही
पत्रं राहतात कुठे.
मग एक दिवस फुकट संपलं.
बैठकीत हेरंब साने म्हणाले, टपाल घरचं हवं.
त्यांच्या घरी जागा नव्हती.

पडद्यावर तीन रिकामे चौकोन.
नाव. परवलीचा शब्द. तोच पुन्हा.
वर एक ओळ : इथे अजून कुणी नाही.

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली.
तिथे प्रत्येक किल्लीवर कुणाची तरी सही असायची,
त्या सहीवर आणखी कुणाची.
वर वर बघत गेलं की शेवटी दिल्ली लागायची,
दिल्लीच्या वरचं कुणी पाहिलं नव्हतं.
इथे वर कुणीच नाही.
मला परवानगी देणारं माणूस
मी झाल्याशिवाय जन्मणार नाही.

आणि दार सताड उघडं.
जो आधी येऊन नाव घालेल तो मालक,
यंत्राला ओळख ना पाळख.
नोंदवही उघडली :
केबल जोडून सात मिनिटं झालेली
आणि चौदा जण कडी वाजवून गेलेले.
कुणी ‘ॲडमिन’ म्हणून, कुणी ‘रूट’, कुणी ‘टेस्ट’,
एक तर नुसताच ‘ए’.
ह्या जिन्यापाशी, जो
आमच्या पोस्टमनला अजून धड सापडत नाही!

घाईघाईने बोटं ठेवली
आणि नावापाशीच अडले.
‘अध्यक्ष’ लिहावं तर साने सुखावतील,
पुढच्या निवडणुकीपर्यंत.
माझं लिहावं, तर सुलभाताई महाजनी आठवल्या :
पर्जन्यमापकाची सोळा वर्षांची नोंद
त्यांच्या संगणकात आहे,
आणि कुलूप उघडणारा शब्द
त्या चैत्रात बरोबर घेऊन गेल्या.
माणसाचं नाव नको.
काम लिहावं.
‘पाणक्या’ लिहिलं. बाई असले तरी.

परवलीसाठी ‘खैर’ घातला.
यंत्र म्हणालं, अशक्त.
खैराला!
दगडात मूळ घालून चार वैशाख उभा राहिलेला,
त्याला म्हणे अशक्त.
मग चार झाडं सलग लावली,
मधे जगली नाहीत त्या रोपांचा आकडा,
तेव्हा कुठे लाल पट्टी हिरवी झाली.
कुठली झाडं ते सांगत नाही.

बटण दाबलं. आवाज काही झाला नाही.
एक्स्चेंजमध्ये निदान रिले टकटकायचे.
‘स्वागत, पाणक्या.’
यादीत एकच नाव, आणि त्याला सगळं करता येतं :
कुणाला आत घ्यायचं, कुणाला पुसायचं,
कुणाचं कुणाला वाचू द्यायचं.
तेवीस माणसांची बंद पाकिटं माझ्या ओच्यात.
घसा कोरडा पडला.
खरं सांगते, क्षणभर बरंही वाटलं.

म्हणून त्या नावाने आधी काय केलं असेल
तर आपल्याच तोडीचं दुसरं नाव.
रझिया मुलाणी. सारे अधिकार.
ती माझ्याशी तीनदा भांडलीय, हिशेबावरून,
आणि तिन्ही वेळा तिचं बरोबर निघालं.
शब्द कागदावर लिहून, पाकीट चिकटवून
तिच्याकडे द्यायला बाजूला ठेवलं.

साडेअकराला पहिलं पत्र सोडलं :
शनिवारी सहाला, खाणीच्या बाजूने. कॅन आणा.
दोन मिनिटांत धिंडल्यांचा फोन,
झोपेत जड झालेला आवाज,
“बाई, आलंय. पण कचऱ्यात पडलंय.”

म्हटलं, उचला मग तिथून.
टेकडीवर आपण दुसरं काय करतो?